कोयरी नव्या घरी रुळताना: प्रकल्प नोंदी

प्रकल्प: दुसऱ्या घरून येणारी ९ वर्षांची तट्टू घोडी आमच्याकडे नीट रुळवणं, तिची हाताळणी सोपी करणं आणि माझ्या भाचीला तिच्यावर निर्धास्त बसता येईल इथवर तिला आणणं. घोडी कुमेत (तांबूस तपकिरी) रंगाची, १२२ सेंटीमीटर उंचीची, कपाळावर कोयरीच्या आकाराचा पांढरा ठिपका. आमच्याकडे आधीपासून मोती हा १९ वर्षांचा शांत घोडा आहे.

२ ऑक्टोबर

कोयरी परवा येते आहे. आज तिच्या आधीच्या मालकीणबाईंशी फोनवर निवांत बोलले. तिची चाल कशी, पळते किती, यापेक्षा मला तिचा दिनक्रम हवा होता. वैरण कसली, किती आणि किती वाजता. पाणी बादलीतून की हौदातून. रात्री बांधतात की मोकळी असते. शेजारी कोण असतं. थांबवायला कोणता शब्द वापरतात. जंताचं औषध, धनुर्वाताची लस आणि खुरांची छाटणी शेवटची कधी झाली. बाई मोकळेपणाने बोलल्या. "खोगीर आवळताना जरा नाटकं करते, तेवढं सोडलं तर गुणी आहे हो," असं म्हणाल्या. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे. पोटाला पट्टा आवळताना घोडा जे 'नाटक' करतो, त्याच्या मागे बरेचदा दुखणं असतं. ते तपासायच्या यादीत सगळ्यात वर.

त्यांच्याकडून दोन गोष्टी मागून घेतल्या: तिच्या नेहमीच्या वैरणीचे गठ्ठे, आणि तिच्या अंगावरची झूल, न धुतलेली. वैरण पोटासाठी, झूल वासासाठी.

वेगळा गोठा तयार केला. सुरुवातीचे तीन आठवडे ती मोतीला बघू शकेल, पण नाकाला नाक लावू शकणार नाही. स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा संसर्ग झालेला घोडा वरून ठणठणीत दिसू शकतो आणि लक्षणं दिसायला साधारण ३ ते १४ दिवस जातात. तिची बादली, खरारा, दोर, सगळं वेगळं. आधी मोतीचं काम, मग तिचं, हा क्रम कुणीही मोडायचा नाही.

४ ऑक्टोबर

आली. गाडीतून उतरताना घामाने मान भिजलेली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता, नाकपुड्या ताणलेल्या. उतरल्यावर तिने एक लांब खिंकाळी मारली, मोतीने पलीकडून उत्तर दिलं, आणि मग ती पुन्हापुन्हा तेच करत राहिली. कळपात राहणारं जनावर आपल्या ओळखीच्या प्रत्येक जिवापासून एका दिवसात तुटलं आहे. आज तिला दुसरं काही विचारण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट पहिल्या मिनिटापासून ठरवली. नवीन घोड्याला महिनाभर हातच लावू नका, असं सांगणारे भेटतात आणि दुसऱ्याच दिवशी खोगीर चढवा, नाहीतर डोक्यावर बसेल, असं सांगणारेही भेटतात. मला दोन्ही पटत नाहीत. सवड द्यायची ती कामाला. नियमाला सवड नाही. म्हणजे बसणं, फिरवणं, शिकवणं सगळं थांबलेलं असेल, पण माणसाच्या अंगावर यायचं नाही आणि दारातून ढकलून पुढे जायचं नाही, हे आज जे आहे तेच पुढेही राहील. रोज बदलणाऱ्या नियमांपेक्षा घोड्याला पहिल्या दिवसापासूनचे थोडे आणि ठाम नियम सोपे जातात.

गाडीत डोकं वर बांधलेलं असतं, त्यामुळे श्वासनलिकेतला कचरा आणि चिकटा खाली गळून जात नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून वैरण टांगली नाही, जमिनीवर ठेवली, म्हणजे डोकं खाली राहील. ताप घेतला: ३८.१ अंश सेल्सिअस. पूर्ण वाढलेल्या घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ असतं, तेव्हा ठीक. विसावल्यावर नाडी मिनिटाला ४४. २८ ते ४४ ही सर्वसाधारण मर्यादा, तट्टांची थोडी वरही असते. पुढचे काही दिवस ताप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा.

५ ऑक्टोबर

पाणी फार कमी प्यायली. हुंगते, ओठ बुडवते, मागे सरकते. दुसऱ्या जागचं पाणी, दुसरी चव. कोमट पाणी दिलं तेव्हा अर्धी बादली संपवली. तिच्या वजनाच्या घोडीला दिवसाला किमान १० लिटर तरी लागतं, सुकी वैरण खात असेल तर जास्तच. बादलीवर लिटरच्या खुणा केल्या आहेत, अंदाजाने लिहायचं नाही.

लीद पातळ, पण होते आहे. ती थांबली तर मी जास्त घाबरेन. पोटशूळाची लक्षणं दारावर लिहून लावली, म्हणजे घरात कुणालाही कळेल: पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, सारखं आडवं होऊन लोळणं, खाणं सोडणं. यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला.

७ ऑक्टोबर

आज टेपने मापं घेतली. छातीचा घेर १४० सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या भागाच्या) टोकापर्यंत लांबी १२५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९००: साधारण २०६ किलो. अंदाजच आहे, पण वजनकाटा नसताना चांगला अंदाज आहे, आणि पुढे तुलना करायला उपयोगी.

बरगड्या दाबूनच लागतात, मानेवरची चरबी घट्ट. डॉन हेनेके यांनी १९८३ साली मांडलेल्या, घोड्याच्या अंगावरची चरबी मोजणाऱ्या १ (अगदी खंगलेला) ते ९ (अतिलठ्ठ) च्या मापनपट्टीवर मी तिला ७ देईन. तट्टं मुळात काटक. थोडक्या चाऱ्यावर गुजराण करणाऱ्या पूर्वजांची. भरपूर कोवळं गवत आणि दाणा मिळाला की चरबी चढते आणि लॅमिनायटिसचा धोका वाढतो, म्हणजे खुराच्या आत हाड धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांना इजा होते. म्हणून चंदी, म्हणजे दाणा, पूर्ण बंद. सुकं गवत वजनाच्या सुमारे २ टक्क्यांनी, दिवसाला चार किलोच्या आसपास, वजन करून. उपाशी मात्र ठेवायचं नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो, त्यामुळे तासन्‌तास रिकाम्या पोटी उभा घोडा अल्सरकडे जातो आणि चिडचिडाही होतो. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून दिलं की तेवढंच गवत खूप वेळ पुरतं. 

जुनी वैरण कमी करत नवीन वाढवत नेणार, सुमारे दोन आठवड्यांत. तिच्या मोठ्या आतड्यातले जंतू चारा आंबवून पचवतात आणि त्यांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. नव्या घरी आलेल्या घोड्याच्या वागणुकीबद्दल लोक फार बोलतात, पोटाबद्दल फार कमी. पोट बिघडलेलं असताना वागणूक सुधारत नाही.

१० ऑक्टोबर

फाटकाचा पहिला धडा. ती फाटक उघडलं की खांदा पुढे घालून निघते. चिडून नाही, आधीच्या घरी तशीच निघत असणार.

मी फाटकाशी थांबले, दोर हातात. ती पुढे आली. मी दोराला मागच्या दिशेने ताण दिला, दोन बोटांचा, त्याहून जास्त नाही, आणि तेवढाच धरून ठेवला. ओढला नाही, झटका दिला नाही. तिने आधी नाक वर केलं. मग ताणाच्या विरुद्ध पुढे रेटलं. मी तशीच. मग एक क्षण आला, ती थबकली आणि तिचा भार मागच्या पायांवर गेला. पाऊल उचललंही नव्हतं, फक्त छाती इंचभर मागे झाली. त्याच क्षणी मी बोटं सैल केली. दोर लोंबला. ती उभी राहिली, कान माझ्याकडे, मग ओठ चाटले.

सगळं शिक्षण त्या सैल सोडण्यात आहे. ताण तिला 'काहीतरी कर' एवढंच सांगतो. काय केलेलं बरोबर, हे ताण सुटल्यावरच कळतं. सोडायला दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तर ती त्या वेळी जे करत असेल तेच शिकणार, मग ते डोकं वर झटकणं का असेना. पाऊल मागे घेतलं, मी फाटक उघडलं, ती माझ्या खांद्याशी राहून बाहेर आली. तेवढ्यावरच थांबलो. जमलं म्हणून पुन्हापुन्हा करून घ्यायचा मोह होतो, तो आवरायचा.

११ ऑक्टोबर

सकाळी आयाळीत आणि उजव्या कुशीवर काड्या चिकटलेल्या. म्हणजे रात्री आडवी झाली! आतापर्यंत रोज सकाळी अंग स्वच्छ असायचं. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पायांची रचनाच तशी आहे, पण गाढ झोप आडवं झाल्याशिवाय लागत नाही. नव्या जागी असुरक्षित वाटत असेल तर तो कित्येक दिवस आडवा होत नाही आणि मग झोपेअभावी बुजरा, चिडका होतो. आजची ही काडी माझ्या दृष्टीने या महिन्यातली सगळ्यात मोठी प्रगती आहे.

१५ ऑक्टोबर

भाची आली होती. कोयरीने तिच्या खिशाला नाक लावलं, मग बाही दातांत धरली. भाची घाबरून मागे झाली. "आत्या, ती माझ्यावर रागावली का गं?"

रागावलेली नाही. हातातून खाऊ खायची सवय आहे, आणि हात म्हणजे खाऊ, हात रिकामा म्हणजे खिसा, असा तिचा हिशोब आहे. तोंडावर फटका मारून हे थांबत नाही. काही घोड्यांना तो खेळ वाटतो, ते चावून पटकन मागे होतात. बाकीचे डोकं हाताळू देईनासे होतात, आणि मग म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालणंही कठीण.

नियम असा केला: हातातून कुणी काहीही द्यायचं नाही, जे द्यायचं ते बादलीत. आणि देण्याची वेळ म्हणजे तिचं नाक स्वतःच्या छातीसमोर सरळ असेल तेव्हा. भाचीला कुंपणाच्या बाहेर उभं केलं. कोयरीने नाक तिच्याकडे केलं, काही मिळालं नाही. बराच वेळ शोधाशोध केली. शेवटी कंटाळून समोर पाहिलं, तेव्हा भाचीने "शाब्बास" म्हणून बादलीत एक तुकडा टाकला. जाईपर्यंत कोयरी तिच्याशेजारी मान सरळ ठेवून उभी राहायला लागली होती. लहान मुलं या कामात मोठ्यांपेक्षा बरी. त्यांना नियम एकदा पटला की ती त्याला अपवाद करत नाहीत. पाहुणे मात्र फाटकावर पाटी लावूनही "एवढ्याने काय होतंय" म्हणतात, त्यांना अडवायला मी तिथे हवी.

१९ ऑक्टोबर

खरारा करताना तिची आवडती जागा सापडली: मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा आणि त्याच्या जरा पुढचा भाग. तिथे बोटांनी खाजवलं की वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, मान वाकडी होते. घोडे एकमेकांना इथेच दातांनी खाजवतात. क्लॉडिया फे आणि जोएल दे माझिएर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या भागात खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसलं होतं. मानेवर थापट्या मारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं बक्षीस. थापट्या आपल्याला प्रेमळ वाटतात, तिला त्यातून काय मिळतं कोण जाणे. यापुढे घरात सगळ्यांनी खाजवायचं.

याच जागी, केसांच्या आत, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे रुपयाएवढे पुंजके दिसले. जन्मखूण एवढी सारखी दोन्हीकडे नसते. खोगिराच्या दाबाने कातडीला इजा झाली की तिथे पुढे पांढरे केस येतात. फोनवरचं ते 'नाटक' आठवलं. खोगीर तपासणाऱ्यांची वेळ घेतली.

२६ ऑक्टोबर

वेगळं ठेवण्याचा काळ संपला. ताप एकदाही चढला नाही, नाक कोरडं, जबड्याखाली गाठी नाहीत. लीद तपासणीत जंताची अंडी निघाली होती, औषध देऊन झालं आहे.

मोतीशी भेट कुंपणावरून. नाकाला नाक, मग किंकाळी, पुढच्या पायाची आपट, पुन्हा नाक. हे सगळं अपेक्षित. काही दिवस कुंपण मध्ये राहू दे.

३० ऑक्टोबर

दोघांना मोठ्या आवारात एकत्र सोडलं. दोघांच्याही पायांत नाल नाहीत, हे आधी पाहिलं. गवताचे ढीग दोघांसाठी तीन, एकमेकांपासून लांब, आणि कुठलाच कोपऱ्यात नाही. कोपऱ्यात अडकलेला घोडा लाथ झाडतो, मोकळ्या जागेतला निघून जातो. मोतीने कान पाडून तिला एका ढिगावरून हटवलं, ती दुसऱ्यावर गेली. दुगाण्या झडल्या, कुणाला लागलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी उभे.

५ नोव्हेंबर

आता खरी कोयरी दिसायला लागली. फाटकाशी अडते, मोतीपासून दूर न्यायला लागलं की खिंकाळते, गोल फिरते, एकदा मागच्या पायांवरही उठली. शेजारचे अनुभवी काका म्हणाले, "सुरुवातीला साधी वाटली होती, आता रंग दाखवतेय." मी त्यांचा शब्द एरवी प्रमाण मानते, पण इथे माझं मत वेगळं आहे. सुरुवातीचे दिवस ती साधी नव्हती, गप्प होती. भेदरलेला घोडा पुष्कळदा आज्ञाधारक दिसतो. आता तिला जागा ओळखीची झाली, सोबती मिळाला, आणि ती प्रश्न विचारू लागली आहे: मोती दिसेनासा झाला तर काय होईल? माझ्याबरोबर असलेलं माणूस मला सांभाळेल का? या प्रश्नांना रोज तेच उत्तर मिळायला हवं.

पद्धत अशी. मोतीच्या नजरेत राहूनच थोडं लांब जायचं, ती कान टवकारेल पण पाय स्थिर राहतील इतकंच. तिथे तिचं आवडतं खाजवणं, मूठभर गवत जमिनीवर, आणि ती अस्वस्थ व्हायच्या आत परत. पुढच्या वेळी काही पावलं पुढे. परत येताना ती घाईला आली तर थांबायचं, एक पाऊल मागे, दोर सैल, मग पुन्हा चालायचं. मोतीलाही एकटं राहायची सवय हवी, म्हणून कधी त्याला बाहेर न्यायचं आणि ती आत. तिच्यासमोर तेव्हा गवत हवंच.

जबरदस्तीने लांब नेऊन "ओरडून ओरडून दमेल" ही पद्धत मी वापरणार नाही. दमून गप्प झालेल्या घोड्याची भीती तशीच राहते, पुढच्या वेळी ती आणखी लवकर वर येते.

९ नोव्हेंबर

खुरांची छाटणी. पुढचे पाय सहज दिले, मागचा डावा उचलताच हिसका. गेले दोन आठवडे आम्ही त्याचीच तयारी करत होतो: पुठ्ठ्यावरून हात खाली, गुडघ्यापर्यंत, ती उभी राहिली की हात काढायचा, मग घोट्यापर्यंत, मग खूर जमिनीपासून उचलून लगेच ठेवायचा. पाय आपण खाली ठेवायचा, तिने हिसकून घ्यायचा नाही, हा यातला बारकावा. नालबंद सबुरीचे आहेत, पाय फार वर किंवा बाहेर ओढत नाहीत. लहान घोडीचा पाय मोठ्या घोड्याच्या उंचीवर धरला की तिचा तोल जातो आणि मग ती हिसका देणारच. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा.

१४ नोव्हेंबर

उन्हातून अंधाऱ्या गोठ्यात शिरायला तयार नाही. घोड्याला रात्री आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावायला आपल्याहून जास्त वेळ लागतो. तिच्या दृष्टीने ते दार म्हणजे काळी भिंत. पलीकडचं दार उघडलं, आत दिवा लावला, उंबऱ्याशी तिला डोकं खाली घालून हुंगू दिलं. गेली आत. यात शिकवण्यासारखं काही नव्हतंच.

२० नोव्हेंबर

मला ज्या दिवसाची वाट होती तो आज. आधी दातांचे डॉक्टर. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळताना झिजतात; झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धार येते. डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवणारी चौकट लावली आणि मला बॅटरीच्या उजेडात आत पाहायला सांगितलं. उजव्या गालाच्या आत दोन बोटांच्या पेराएवढा ओरखडा होता, कडा पांढरट, मध्ये लाल. लगामाचा पट्टा बाहेरून बरोबर तिथेच गाल दाबतो. गुंगीचं औषध देऊन धार घासली. तोंड बरं होईपर्यंत लगाम नाही.

दुपारी खोगीर. बरोबर आलेलं जुनं खोगीर तिच्या पाठीवर ठेवलं, खाली काही न घालता. पुढची कमान तिच्या रुंद खांद्यांना अरुंद. हात घालायला गेलं तर बोटं अडकली, नेमकी त्या पांढऱ्या पुंजक्यांपाशी. पट्टा हळूच आवळला आणि तिचा चेहरा पाहत राहिले. दुखण्याच्या खुणा ओळखायला २०१४ साली प्रसिद्ध झालेली हॉर्स ग्रिमेस स्केल उपयोगी पडते: कान ताठ मागे, पापण्या आवळलेल्या, डोळ्यावरचा भाग ताणलेला, चघळायचे स्नायू उठून आलेले, हनुवटी घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या. पट्टा तिसऱ्या भोकात गेला तेव्हा तिचे कान मागे गेले, डोळ्यावरची कातडी त्रिकोणी झाली. पट्टा सोडला, चेहरा सैल झाला. 

हे नाटक नव्हतं. ती इतकी वर्षं सांगत होती. मालकीणबाईंना फोन करून सांगितलं, दोष द्यायला नाही, त्यांची दुसरी घोडी त्याच खोगिरात जाते म्हणून. त्यांनी लगेच तिचीही तपासणी करायचं ठरवलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

३० नोव्हेंबर

रुंद कमानीचं खोगीर मिळालं. पण पाठ बरी झाली म्हणून आठवण पुसली जात नाही. पट्ट्याची भीती वेगळी काढावी लागेल. खोगीर दाखवलं, खाजवलं, काढून घेतलं. पाठीवर ठेवलं, काढलं. पट्टा पोटाला नुसता लावला, आवळला नाही. एक भोक, मग चार पावलं चालायचं, मग दुसरं भोक. हे आता कायमचं असंच राहणार, भाचीलाही हेच शिकवणार: पट्टा एका दमात कधीच आवळायचा नाही.

८ डिसेंबर

दोन दिवस सगळं उलटं. जोराचा वारा, कुंपणावर फडफडणारं प्लॅस्टिक, आणि कोयरी फाटकाशी पुन्हा पहिल्यासारखी खांदा घालून. प्लॅस्टिक काढून टाकलं आणि आम्ही फाटकाच्या पहिल्या धड्यावर गेलो. दोन बोटांचा ताण, भार मागे, दोर सैल. थोड्याच वेळात जागेवर. शिकलेलं भीतीच्या वेळी आधी सुटतं. अशा दिवशी नवीन काही मागायचं नाही, सोपं आणि येणारं तेवढंच करून घ्यायचं.

१४ डिसेंबर

भाची पहिल्यांदा बसली. तिचं वजन २८ किलो, खोगीर ५, एकूण ३३. घोड्याने उचलायचं ओझं त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असं सर्वसाधारण धरतात; आम्ही साधारण १६ वर आहोत, पाठ पुन्हा कमावते आहे तोवर यापेक्षा जास्त नको.

दोर माझ्या हातात, तोंडात लगाम नाही, चाल सावकाश. फाटकापासून झाडापर्यंत आणि परत. भाचीने "थांब" म्हणून श्वास सोडला आणि ती थांबली, मी दोर हलवायच्या आत. आधीच्या घरचा शब्दच आम्ही ठेवला आहे, तो फार कामी आला. उतरल्यावर भाचीने थापटायला हात उचलला, थांबली, आणि मानेखालच्या उंचवट्यावर खाजवायला लागली. कोयरीचा ओठ लांब झाला.

२० डिसेंबर

छातीचा घेर १३८, म्हणजे वजन साधारण २०० किलो. बरगड्या हलक्या हाताने लागू लागल्या. मानेवरची चरबी अजून घट्ट आहे, म्हणून कोवळ्या गवतावर मोकळी सोडायची नाही. थंड रात्रीनंतर लख्ख ऊन पडलेल्या सकाळी तर नाहीच, तेव्हा गवतात साखर साठलेली असते. सुकं गवतही तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचं. रोज खुरांना हात लावून उष्णता आणि घोट्याच्या मागची नाडी बघायची. नाडी ठसठसत लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोतीपासून लांब: झाडांच्या पलीकडे, तो दिसत नसताना, शांतपणे जाते. एकदा हाक मारते, उत्तर आलं नाही तरी चालत राहते. रस्त्यावर अजून नेलेली नाही, वाहनांची सवय आवारातून सुरू करणार.

पुढची कामं: खुरांची छाटणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. लगाम आता घालता येईल, पण आधी दोरावरच्या म्होरकीने वळणं आणि थांबणं पक्कं करायचं. भाचीला दोन्ही बाजूंनी चढायला-उतरायला शिकवायचं, कोयरीला डाव्या बाजूचीच सवय आहे. खोगिराची पुन्हा तपासणी फेब्रुवारीत, कारण वजन उतरलं की पाठीचा आकार बदलतो आणि आज बसणारी कमान तेव्हा सैल पडेल.